सोंगणीचा वार

"गुरुजी, हे जवसाचं तेल ना?"

मी ब्रश थांबवून मागं पाहिलं. तात्या माझ्या पॅलेटला अडकवलेल्या छोट्या डब्यावर वाकले होते आणि नाकानं हुंगत होते. ज्यांच्या बांधावर मी उभा होतो ते हे लहानू सहाणे. अख्खं खैरदरा गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो होतो.

"जवसाचंच," मी म्हणालो. "रंगात घालतो. रंग नीट पसरतो आणि सावकाश वाळतो."

"किती सावकाश?"

"पाच-सहा दिवस. जाड लावला तर महिना."

"म्हणजे आमचं रान महिनाभर ओलंच राहणार!" ते हसले आणि मागं वळून ओरडले, "अगं, ऐकलं का? जवसाच्या तेलात आपला गहू!"

बांधाच्या टोकाला त्यांची बायको गयाबाई शेळीला पाला टाकत होती. ती तिथूनच म्हणाली, "मंग चटणीबी करा म्हणावं."

मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. मार्चात, परीक्षेच्या दिवसांत, ड्रॉइंगच्या मास्तरला कुणी विचारत नाही. तेव्हा आठवड्याची रजा टाकून संगमनेरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत असलेल्या या गावी मी आलो होतो. तिथले प्राथमिक शाळेचे भोर मास्तर माझ्या ओळखीचे. शाळेची एक खोली त्यांनी मला झोपायला दिली होती, जेवण त्यांच्याकडे. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात माझी चित्रं दोन वर्षं लागोपाठ नाकारली गेली होती. तिसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही, असं ठरवून मी निघालो होतो.

आणि पहिल्याच दिवशी मला तात्यांचा गहू दिसला होता.

उतारावरचं रान होतं, फार मोठं नव्हे. मागं उघडेबोडके डोंगर, दुपारनंतर निळसर होत जाणारे, आणि त्यांच्या पायाशी हा पिकून उभा राहिलेला गहू. चार वाजले की ऊन तिरपं व्हायचं आणि लोंब्यांवरच्या कुसळांतून असं काही झिरपायचं की सगळं शेत आतून पेटल्यासारखं दिसायचं. साडेपाचला ते संपायचं. मला रोज तेवढाच दीड तास मिळायचा. उघड्यावर तेलरंगात काम करायचं म्हणजे हेच: ऊन हललं की तुमचं खरं चित्र निघून जातं, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी, त्याच जागी येऊन त्याची वाट बघायची.

सोमवारी आणि मंगळवारी काम चांगलं झालं. डोंगर लागले, आभाळ लागलं, गव्हाचा पहिला थर बसला. मंगळवारी मी ब्रश पुसत असताना तात्या पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"झालं ना गुरुजी? उद्या सावड येतेय आमच्याकडं."

"सावड?"

"एकमेकांच्या रानात कामाला जायचं. मजूर नाय लावत आम्ही. सात घरं मिळून सोंगणी करतो, रोज एकाचं रान. उद्याचा वार आमचा. सकाळी इळे घेऊन बसले की दुपारपत्तूर रान मोकळं."

"उद्याच?"

"पिकलाय की पार. लोंबी चोळून बघा."

"तात्या, मला अजून दोन दिवस लागतील. थांबता नाही का येणार?"

ते हसले. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले. गयाबाई जवळ आली होती. ती म्हणाली, "सावडीचा वार चुकवून कसं चालंल गुरुजी? आणि पिकलेला गहू राखून काय करायचा?"

"दोनच दिवस, मावशी."

"दिवस दोन का असंनात. आभाळाचं काय खरं असतं का?"

आभाळ तेव्हा स्वच्छ होतं. मी हात करून तिला ते दाखवलंसुद्धा. आणि मग मी बोलायला लागलो. मुंबईचं प्रदर्शन केवढं मोठं असतं, तिथं कसले कसले लोक येतात, तिथं हे चित्र लागलं तर खैरदऱ्याचं रान किती जणांच्या डोळ्यांसमोर येईल. असा गहू मी आजवर कुठंही पाहिला नाही, असंही म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण तात्यांच्या चेहऱ्यावर ते कसं उतरतंय हे मी बघत होतो, आणि जिथं उतरलं तिथंच मी आणखी जोर लावला, हे मला आजही आठवतं.

तात्या टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग बायकोला म्हणाले, "दगडूला इचारून बघतो. त्याचा वार उद्या करू, आपला म्होरं ढकलू."

"अहो, पण..."

"पाव्हणा माणूस काय रोज मागतोय का काही?"

अंधार पडायच्या आत ते दगडूकडे जाऊन आले. व्यवस्था झाली होती. "बुधवारी दगडूचं, बेस्तरवारी त्याच्या भावाचं," ते मला सांगायला शाळेपर्यंत आले होते. "बेस्तरवारी सांजच्याला मला सांगा तुमचं झालं का. झालं असंल तर शुक्रवार आमचा. नसंल तर बाबूरावाला पुढं घेऊ आणि आम्ही शनवारी. निस्तं सांगा म्हणजे झालं."

"नक्की सांगतो," मी म्हणालो.

बुधवारी मी चार वाजायच्या आधीच उभा होतो. ऊन आलं. पण काल जे हाताला सहज येत होतं ते आज येईना. गव्हाचा पिवळा मला फिका वाटायला लागला. त्यात आणखी पिवळा घातला तर तो भडक झाला, म्हणून पांढरा घातला तर मेलेला दिसायला लागला. खालचा थर ओला होता, तो वरच्यात मिसळायला लागला. गुरुवारी तेच. मी जितका हात मारत होतो तितका चिखल होत होता. शेजारचं रान मोठं होतं, तिथं दुपारनंतरही सावड चालली होती, बायकांची गाणी ऐकू येत होती. गयाबाईही तिकडंच होती. दगडूच्या भावाचा गहू आडवा होत होता आणि तात्यांचा माझ्यासाठी उभा होता.

साडेपाचला तात्या घामाघूम होऊन बांधावर आले. "झालं का गुरुजी?"

"एक दिवस अजून," मी म्हणालो.

"मंग शनवार. हरकत नाय." त्यांनी चित्राकडे डोकावून पाहिलं. "हे डोंगर तर अगदी हुबेहूब."

गव्हाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनाही दिसत असणार.

खोलीवर आल्यावर मी चित्राचा बोर्ड भिंतीला टेकवला आणि समोर बसलो. दिवस नुकता मावळला होता, खिडकीतून पुरेसा उजेड येत होता. दहा मिनिटांत मला कळून चुकलं की यात काही राहिलेलं नाही. आणखी एक दिवस दिला काय, आणखी आठ दिले काय. तेलरंगाचं एक बरं असतं, ओला असेपर्यंत खरवडून टाकता येतो. मी सुरी घेतली आणि खालपासून वर खरवडत गेलो. गहू गेला, बांध गेला, डोंगरही गेले. मग बोर्ड मांडीवर उभा धरून टर्पेंटाइनच्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. बोर्डवर एक मळकट पिवळसर डाग उरला.

मी पुसत होतो तेव्हाच भोर मास्तर दारात आले. त्यांच्या हातात कॅन होता.

"तात्याकडं चाललोय दुधाला. काही निरोप?"

फडकं माझ्या हातात होतं. त्यांना बोर्डची मागची बाजू दिसत होती, पुढची नाही. एक वाक्य पुरे होतं: तात्यांना म्हणावं माझं झालं, उद्या सोंगून घ्या. एवढंच. चित्र पुसलं हेसुद्धा सांगायची गरज नव्हती. पण 'झालं' म्हटलं असतं तर तात्या आणि गयाबाई बघायला आले असते, ही भीती मला त्या क्षणी सगळ्यांत मोठी वाटली. मुंबईच्या गोष्टी सांगितल्या होत्या मी. त्यांच्यापुढं हा डाग कसा धरायचा?

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

भोर मास्तर गेले. सकाळी स्वतःच जाऊन सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

सकाळी मी गेलो नाही. तात्यांच्या घरावरून जाणारा रस्ता टाळून ओढ्याच्या अंगानं खाली उतरलो आणि दोन मैलांवर नदीकाठी गेलो. तिथं महादेवाचं जुनं देऊळ होतं. त्याच पुसलेल्या बोर्डवर मी ते काढायला घेतलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. हात मोकळा चालत होता. पाणी, दगड, देवळाची सावली, सगळं पहिल्या फटक्यात बसत गेलं. मी शीळही वाजवत होतो. खोटं कशाला सांगू, त्या सकाळी मी फार आनंदात होतो.

दुपारी दोनच्या सुमाराला वारा पडला. डोंगराच्या मागून आभाळ काळं-तांबडं होऊन चढत आलं. आधी मला त्या रंगाचाच मोह पडला. मी पॅलेटवर तो जुळवायला लागलो. मग पहिली गार माझ्या पेटीच्या झाकणावर टणकन आपटली. मी सामान उचलून देवळात शिरलो. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा. वीस मिनिटं देवळाच्या दगडी छतावर कुणी खडी ओतत असल्यासारखा आवाज होत होता. बाहेर सगळं पांढरं झालं. त्यातली पहिली काही मिनिटं मला चित्र भिजलं नाही ना, एवढीच काळजी होती. नंतर तात्यांचा गहू आठवला.

संध्याकाळी भोर मास्तर खोलीत येऊन बसले. मग म्हणाले, "बाबूरावाच्या रानातून आल्यापासून तात्या तुमची वाट बघत होता. धनगराची शेरडं बांधाकडं आली तर गयाबाईनं ती परत वळवली. म्हणाली, गुरुजींचं चित्र व्हायचंय, पीक तुडवू नका." त्यांनी विचारलं, "तुम्ही होता कुठं?"

"नदीकडं," मी म्हणालो. "उशीर झाला."

सावडीतल्या सात घरांपैकी चार घरांचा गहू खळ्यावर येऊन झाकून ठेवलेला होता. ठरल्या वारी सोंगणी झाली असती तर तात्यांचाही तिथंच असता.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघून जावं असं मनात आलं होतं. पण तेवढं करण्याचंही धाडस झालं नाही. मी रानाकडे गेलो.

गहू नव्हताच. चिखलात दाबून बसवल्यासारखी काडं होती, सगळी एकाच बाजूला झोपलेली, आणि त्यांच्यामध्ये दाणे सांडलेले. काही दाण्यांना पाणी लागून ते फुगायला लागले होते. बांधाच्या कडेला चार-पाच साळुंक्या मरून पडल्या होत्या. गयाबाई उकिडवी बसून चिखलातून लोंब्या वेचत होती आणि ओच्यात टाकत होती. वेचलेल्या लोंब्यांतले निम्मे दाणे झडलेले होते, तरी ती वेचत होती.

तात्यांनी मला पाहिलं आणि उठून जवळ आले. ते काय म्हणतील याची मी वाटभर तयारी केली होती. ते म्हणाले,

"गुरुजी, तुमचं चित्र अर्धं राहिलं."

मी पायाशी पडलेली एक लोंबी उचलली.

"मी काल बघत होतो वाट. म्हणलं आज पुरं होईल. एक दिवसानं घात केला बघा." त्यांच्या आवाजात खरोखरची अपराधी भावना होती, जणू पाहुण्याच्या ताटात वाढता वाढता त्यांच्याकडचं काही कमी पडलं होतं. "आता कुठं दुसरीकडं बघावं लागंल तुम्हाला."

"तात्या, तुमचं केवढं नुकसान..."

"ते काय आभाळाच्या हातात. शाळू हाये थोडा घरात, हरभरा हाये. उपाशी नाय मरत." त्यांनी हात झटकले. "तुम्ही लांबून आलता, तुमचं काम राहिलं, ते वाईट."

गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "जेवढं काढलंय त्यात तरी उभा हाये ना गहू?"

मी तिच्याकडे पाहिलं. ओच्याला चिखल लागलेला होता. ती उत्तराची वाट बघत होती.

"आहे," मी म्हणालो.

"मंग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा वेचायला लागली.

नदीकाठचं ते देवळाचं चित्र पुढच्या वर्षी मुंबईच्या प्रदर्शनात लागलं. त्याचं कौतुकही झालं. मी खैरदऱ्याला पुन्हा गेलो नाही. भोर मास्तरांची दोन पत्रं आली, त्यांना उत्तरं लिहिली, पण त्यात तात्यांची चौकशी केली नाही.

दोन वर्षांनी, एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी, आमच्या पुण्याच्या घराची कडी वाजली. आई शेजारी गेली होती. दार उघडलं तर तात्या. धुतलेलं धोतर, नवी टोपी, खांद्यावर कापडी पिशवी.

"भोर मास्तरानं पत्ता दिला," ते म्हणाले. "थोरली लेक हडपसरला दिलीय. नातवाचं बारसं होतं काल."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. पिशवी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. "हा यंदाचा गहू. आमच्या मंडळीनं निवडून पाठवलाय, तीबी आलीय हडपसरला. गुरुजींना द्या म्हणाली." मग खोलीतल्या भिंतींवरून नजर फिरवली. "तिनंच पाठवलं मला. म्हणाली, पुढं जाऊन बघून या चित्र हाये का, मंग उद्या मी येते बघायला. दोन वर्षं झाली, एकदा तरी बघायचंच म्हणतीय."

मी म्हणालो, "तात्या, ते विकलं गेलं."

"विकलं?"

"मुंबईला. प्रदर्शनात एकांनी घेतलं."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी दुसरीकडे पाहिलं. "मुंबईला! म्हणजे आमचं रान मुंबईला कुणाच्या तरी दिवाणखान्यात!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "हे तिला सांगितलं ना गुरुजी, तर ती पुऱ्या गावाला ऐकवील. त्या साली नाय नाय ते बोलली मला. दगडूबरोबर वार कशाला बदलला म्हणून. आता सांगतो तिला, बघ, उगाच नाय गेला तो गहू."

ते हसत होते. मला ते सहन झालं नाही.

"तात्या," मी म्हणालो, "चित्र नाहीये."

आणि मी सगळं सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी खरवडलं ते, फडकं, नदी, देऊळ. सांगताना मला बरं वाटत होतं, हेही इथं लिहून टाकतो. दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी वाक्यावाक्यानं सुटत होतं.

तात्या ऐकत होते. हसू कुठल्या वाक्याला गेलं ते मला कळलं नाही.

"बेस्तरवारीच?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"दिवस मावळायला?"

"हो."

"भोर मास्तर दुधाला आलता त्या दिवशी." ते आठवत आठवत म्हणाले. "अंगणात बसलो होतो मी. इचारलंबी त्याला, गुरुजी काय म्हणत्यात. म्हणला, काय नाय." त्यांनी बोटांवर वार मोजले. "तेवढ्यात सांगितलं असतं तर बाबूरावाकडं जाऊन आलो असतो. शुक्रवारी दुपारच्या आत झालं असतं आमचं."

"मला माहीत आहे, तात्या. मी चुकलो. मला क्षमा करा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रागावतील, उठून जातील म्हणून मी वाट बघत होतो. खाली रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली.

"दोन वर्षं आम्ही म्हणत होतो, आभाळानं नेलं," ते हळू म्हणाले. "आभाळावर माणूस किती दिवस रागावणार? सोडून देतं. आम्हीबी दिलं सोडून." मग माझ्याकडे पाहिलं. "हे मला कशाला सांगितलंत गुरुजी?"

"राहवलं नाही मला."

"तुम्हाला राहवलं नाय. खरंय." त्यांनी मान हलवली. "पण आता हे घेऊन हडपसरला मला जायचंय."

ते उठले. मी चहा टाकतो म्हणालो, थांबा म्हणालो. ते नको म्हणाले, बस चुकेल. दारात टोपी घातली.

"तिला मी सांगंन मुंबईला गेलं म्हणून. तुम्ही कधी भेटलात तर तुम्हीबी तेच सांगा."

मी मान हलवली. पिशवी तिथंच पडलेली होती. मी ती उचलून त्यांच्याकडे धरली. तो गहू घ्यायचा मला अधिकार नाही, असं काहीतरी म्हणालो.

त्यांनी पिशवीला हात लावला नाही.

"ठेवा," ते म्हणाले. "परत नेला तर ती इचारंल."

ते जिना उतरून गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

तो गहू आठवडाभर कोपऱ्यात होता. मग आईनंच तो दळून आणला आणि पोळ्या केल्या. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "किती गोड आहे रे! कुणी दिला?"

"शाळेतल्या एकानं," मी म्हणालो.